एन्झाइम म्हणे, पण कुठलं?

"हे एन्झाइम आहे ताई, एकदम नॅचरल, पिऊन टाकलं तरी काही होत नाही." असं म्हणून त्या माणसाने खरंच झाकण भरून घेतलं आणि माझ्यासमोर पिऊन दाखवलं. तोंड जरा वाकडं झालं त्याचं, आंबट असणार. मी विचारलं, कुठलं एन्झाइम? तो म्हणाला, सगळी. सगळी म्हणजे? "सगळी हो, नॅचरल आहेत ना." बाटली फिरवून फिरवून पाहिली, लेबलवर पान होतं, हिरवा थेंब होता, शंभर टक्के सेंद्रिय असं ठळक होतं, पण एन्झाइमचं नाव नव्हतं, किती आहे ते नव्हतं, कुठल्या तापमानाला ठेवायचं ते नव्हतं आणि एक्सपायरी तर नव्हतीच. तरी घेतली, कारण माझ्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला होता आणि मला केमिकल मारायचं नव्हतं.

दोन दिवसांनी जास्वंदीच्या पानांच्या कडा करपल्या. पिठ्या ढेकूण आपला मेणाचा पांढरा कापूस पांघरून जिथल्या तिथे, मजेत. घरात पीएचची पट्टी होती ती बुडवून पाहिली तर रंग तीन आणि चारच्या मधला. म्हणजे मी झाडावर जवळजवळ व्हिनेगर मारलं होतं, तेही पाणी न घालता.

आता हे वाचून कोणी म्हणेल की बघा, हे नॅचरल वगैरे सगळं थोतांड. तर तसं अजिबात नाही, माझं मत उलटं आहे. केमिकल कीटकनाशकांच्या जागी एन्झाइमवर चालणारे उपाय यायलाच हवेत आणि ते येऊ शकतात, त्यामागचं सायन्स पक्कं आहे. म्हणूनच या बाटल्यांचा राग येतो. माझं म्हणणं एवढंच की रसायनाच्या जागी एन्झाइम आणायचं तर ते रसायनाच्या मापाने मोजू नका, पण मोजल्याशिवाय विकूही नका. आज नेमकं उलट चाललंय, अपेक्षा विषाची ठेवतात आणि तपासणी तीर्थाची.

मुळात गंमत अशी आहे की एन्झाइम या भांडणात नव्याने आलेलंच नाही, ते पहिल्यापासून मधोमध उभं आहे. शाळेच्या पुस्तकात याला विकर म्हणायचो, पाठ करून विसरलो. एन्झाइम म्हणजे प्रोटीनचं एक छोटंसं यंत्र, एकच ठराविक काम करणारं, आणि काम करून स्वतः न संपणारं. आपल्या नसांमध्ये एक असतं, अॅसिटिलकोलिनएस्टरेज. एका नसेकडून दुसरीकडे निरोप गेला की तो निरोप पुसायचं काम याचं, आणि एक रेणू सेकंदाला हजारो वेळा हे करतो. ऑर्गनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकं नेमकी इथे जाऊन बसतात, या एन्झाइमच्या तोंडात, आणि उठत नाहीत. मग निरोप पुसलाच जात नाही, नस वाजतच राहते, किडा थरथरत मरतो. अडचण अशी की हेच एन्झाइम मधमाशीत आहे, बेडकात आहे, फवारणी करणाऱ्या माणसात आहे. १९३६ साली जर्मनीत गेरहार्ड श्राडर नवीन कीटकनाशक शोधत होता आणि शोधता शोधता ताबुन नावाच्या नर्व्ह गॅसपर्यंत पोचला, तो काही रस्ता चुकला नव्हता, रस्ता एकच होता.

म्हणजे आपण आत्तापर्यंत जे मारत आलो ते बऱ्याच वेळा एन्झाइम बंद पाडणारंच होतं. तणनाशकांतलं ग्लायफोसेटसुद्धा वनस्पतीतलं एक एन्झाइमच अडवतं.

आणि किडे सुटतात ते कशाच्या जोरावर? तेही एन्झाइमच्याच. डीडीटी किडे मारतं हे पॉल म्युलरने १९३९ मध्ये दाखवलं, १९४८ मध्ये त्याला नोबेल मिळालं, पण स्वीडनमध्ये १९४६ मध्येच घरमाश्या डीडीटीला दाद देईनाशा झाल्या होत्या. नोबेलच्या आधी माशीने उत्तर काढलं! अशा माश्यांकडे डीडीटीचा रेणू मोडणारं एन्झाइम सापडलं. बटाट्यापासून पीचपर्यंत सगळीकडे दिसणारा हिरवा मावा तर अजून हुशार, त्याने औषध पकडून ठेवणाऱ्या एस्टरेज नावाच्या एका एन्झाइमच्या जीनच्या डझनावारी कॉप्या करून घेतल्या, म्हणजे विष आत येतं आणि एन्झाइमच्या गर्दीतच अडकून संपतं. आज शेकडो जातींचे किडे कुठल्या ना कुठल्या औषधाला पुरून उरलेत. आपण डोस वाढवतो, ते एन्झाइम वाढवतात, आणि मधल्यामध्ये जगभरात दरवर्षी ३५ लाख टनांच्या वर कीटकनाशकं, तणनाशकं, बुरशीनाशकं मिळून जमिनीवर पडतात. वर्षाला लाखो लोकांना कामाच्या ठिकाणी नकळत विषबाधा होते आणि हजारो माणसं दगावतात. आत्महत्या यात धरलेल्याच नाहीत. हे आकडे वाचले की "पर्याय कशाला हवा" हा प्रश्न मला विचारावासाच वाटत नाही.

मग खरं एन्झाइम किड्याला कसं मारतं ते एकदा जवळून बघू, कारण बाटली विकणारेही हे सांगत नाहीत आणि बाटलीला नावं ठेवणारेही सांगत नाहीत.

मेटारायझियम नावाची बुरशी घ्या. तिचा एक बीजाणू, काही मायक्रॉनचा, टोळाच्या अंगावर पडतो. टोळाचं अंग म्हणजे चिलखत, वरून मेणाचा पातळ थर आणि खाली कायटिनचे धागे प्रोटीनमध्ये घट्ट बसवलेले, सळया आणि सिमेंट असतं ना तसं. बीजाणू चिकटतो, दमट असेल तर त्याला मोड येतो, मोडाचं टोक फुगून चपटं होतं आणि अंगाला दाबून बसतं. मग एन्झाइम सुटतात. लायपेज मेण विरघळवतं, प्रोटीएज सिमेंट खातं, आणि प्रोटीन हटल्यावर सळया उघड्या पडल्या की कायटिनेज त्या कापतं. क्रम महत्त्वाचा आहे, नुसतं कायटिनेज आधी नेऊन ओतलं तर ते प्रोटीनवरच डोकं आपटत बसेल. बुरशीला हा क्रम कोणी शिकवला नाही पण ती चुकत नाही. एन्झाइमने पोखरलं की बुरशी दाब देऊन आत घुसते, रक्तात वाढते, टोळ सुस्त होतो, खाणं कमी करतो, मरतो, आणि हवेत ओल असेल तर काही दिवसांनी त्याच्या अंगावर हिरवी भुकटी येते, म्हणजे पुढचे बीजाणू तयार.

ही नवी गोष्ट नाही बरं का. अगोस्तिनो बास्सीने १८३५ मध्ये रेशमाच्या किड्यांना मारणारी बुरशी ओळखली होती (जंतूमुळे रोग होतो हे पाश्चरच्या आधी दाखवणारा माणूस, पण नाव कोणाला माहीत नसतं), आणि १८७९ मध्ये मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने गव्हावरच्या भुंग्यांसाठी ही हिरवी बुरशी वापरायची कल्पना मांडली. म्हणजे कल्पना डीडीटीपेक्षा साठ वर्षं जुनी. मागे का पडली? कारण डीडीटी त्याच दिवशी मारायचं.

इथेच सगळं अडतं. मेटारायझियमने टोळ मरायला आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. २००९ मध्ये टांझानियात लाल टोळांवर ही बुरशी मोठ्या क्षेत्रावर फवारली आणि धाड पसरायची थांबली, २०२० मध्ये सोमालियातही टोळांवर हेच वापरलं, त्यामुळे काम होतं की नाही हा वाद संपला असं मी धरते. पण फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात गेलं तर मेलेले किडे पायाखाली दिसत नाहीत. आणि ज्याने आयुष्यभर मेलेले किडे मोजून औषधाची पारख केली त्याला ते फेल वाटणार, त्यात त्याची चूक काय? पारख करायचं मापच वेगळं लागतं. किडे किती मेले याऐवजी पान किती खाल्लं गेलं ते बघायचं, कारण आजारी टोळ जिवंत असतो पण चरत नाही.

झाडं स्वतः काय करतात ते तर अजून भारी आहे. पपईचा चीक हाताला लागला की खाजतं हे माहीत असतं, पण तो चीक कोणासाठी आहे? जपानी संशोधकांनी २००४ मध्ये दाखवलं की पपईच्या पानावर एरी रेशमाच्या अळ्या सोडल्या तर त्या मरतात, पण चीक धुऊन टाकला किंवा त्यातलं पपेन नावाचं एन्झाइम बंद पाडलं तर त्याच अळ्या तीच पानं खाऊन जगतात. एवढा साधा प्रयोग, आणि उत्तर किती स्वच्छ. मक्याच्या काही वाणांत असंच एक प्रोटीएज असतं जे लष्करी अळीच्या पोटातलं अस्तर फाडतं. आणि बीटी नावाचा बॅक्टेरिया, ज्याच्या नावावर अर्धी भांडणं होतात, त्याचं प्रोटीन स्वतः एन्झाइम नाहीच, पण अळीच्या अल्कलाइन पोटात गेल्यावर अळीचीच एन्झाइम त्याला कापून विष बनवतात. म्हणजे सुरी पण तिचीच. आपल्या पोटात अॅसिड असतं, तिथे ते असं घडत नाही.

मातीतही हेच. ट्रायकोडर्मा नावाची बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्याभोवती वेलीसारखी गुंडाळते आणि कायटिनेज, ग्लुकानेज सोडून त्याला भोकं पाडते. सूत्रकृमीच्या अंड्यांची टरफलं अशीच विरघळवणाऱ्या बुरशी आहेत. यावर पानंच्या पानं लिहिता येतील पण थांबते.

आता दुसऱ्या बाजूचं. नॅचरल म्हणजे निरुपद्रवी हे जे डोक्यात बसलंय ते आधी काढायला पाहिजे. आर्सेनिक नॅचरल आहे. निकोटीन नॅचरल आहे आणि चांगलंच विषारी आहे. रोटेनोन काही झाडांच्या मुळांतून येतं, सेंद्रिय म्हणून वर्षानुवर्षं वापरलं, नंतर उंदरांमध्ये त्याने पार्किन्सनसारखी लक्षणं आणली. आणि एन्झाइम स्वतः? साठच्या दशकात धुण्याच्या पावडरीत प्रोटीएज घालायला सुरुवात झाली तेव्हा कारखान्यातल्या कामगारांना त्या धुळीने दमा व्हायला लागला, १९६९ मध्ये ते मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं, मग एन्झाइमचे दाणे कोटिंग करून विकायला लागले. म्हणजे झाकणभर पिऊन काही झालं नाही हे खरं असेलही, पण श्वासातून गेलं तर काय हा प्रश्न वेगळा आहे, कारण प्रोटीन पोटात पचतं आणि फुफ्फुसात पचत नाही. फवारणारा माणूस पीत नाही हो, श्वास घेतो.

तसंच "फक्त वाईट किड्यांना मारतं" हेही तपासल्याशिवाय बोलू नये. आपल्या शरीराचा सांगाडा कायटिनचा नाही म्हणून आपण त्या बाबतीत सेफ, पण मित्रकिडींचं चिलखत कायटिनचंच आहे. बुरशीच्या बाबतीत कुठली जात, कुठला स्ट्रेन याने फरक पडतो, टोळांसाठी निवडलेला मेटारायझियमचा प्रकार टोळ आणि नाकतोड्यांपुरताच बऱ्यापैकी मर्यादित आहे, बाकीच्यांचं तसं असेलच असं नाही. आणि किडे यालाही उत्तर काढतात. कोबीवरच्या डायमंडबॅक पतंगाने बीटीच्या फवाऱ्याला शेतातच पुरून उरून दाखवलं, हवाईतून १९९० मध्ये हे समोर आलं. पचन अडवणारी प्रोटीनं झाडात घातली तर कोलोरॅडो बटाटा भुंगा न अडणारी वेगळी प्रोटीएज काढतो. त्यामुळे "याला रेझिस्टन्स येतच नाही" असं कोणी म्हणालं की मी तिथेच ऐकणं बंद करते.

सगळ्यात मोठी अडचण मात्र साधी आहे, एन्झाइम नाजूक असतं. दुपारच्या उन्हात पानावर पडलं की तापमान, अल्ट्राव्हायोलेट, कोरडेपणा, सगळं त्याच्या विरोधात. प्रोटीनच्या धाग्याची घडी विस्कटली की यंत्र बंद, उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही तसं. म्हणून नुसतं शुद्ध एन्झाइम फवारणं बहुतेक वेळा महागात पडतं आणि कमी चालतं, माझ्या मते त्याचा खरा उपयोग जिवंत जीवाबरोबरच आहे, म्हणजे एन्झाइमची फॅक्टरीच पानावर नेऊन ठेवायची, तिला लागेल तेव्हा लागेल तेवढं ती बनवेल. पण मग फॅक्टरीची काळजी घ्यायला हवी. संध्याकाळी फवारायचं. गोदाम भट्टीसारखं तापत असेल तर तिथे ठेवायचं नाही. आणि टँकमध्ये एकाच वेळी ट्रायकोडर्मा आणि बुरशीनाशक घालायचं नाही, हे ऐकायला विनोदी वाटतं पण "दोन्ही चांगलीच आहेत ना, एकदाच मारू" म्हणून लोक करतात, आणि मग ट्रायकोडर्मा चालत नाही म्हणतात. मेलेली कशी चालेल.

त्या आंबट बाटलीचं काय मग? साली, गूळ किंवा साखर आणि पाणी, तीनास एकास दहा, तीन महिने बंद डब्यात, ही रेसिपी आता जगभर फिरतेय आणि नाव बायो-एन्झाइम. आंबवण्यात होतं काय, यीस्ट साखरेचा अल्कोहोल करतं, बॅक्टेरिया त्याचं अॅसिड करतात. थोडीफार एन्झाइम असतातही, पण एवढ्या आंबटात बरीचशी काम करण्याच्या स्थितीत नसतात आणि किती आहेत ते डब्यागणिक बदलतं. फरशी पुसायला छान आहे, माझ्याकडे अजून आहे. साली कचऱ्यात जात नाहीत हेही चांगलंच. पण याला कीटकनाशक म्हणायचं आणि त्याच नावाखाली खरं कायटिनेजवालं प्रॉडक्टही विकायचं, तर एक फेल गेलं की दुसऱ्याचं नाव आपोआप खराब. (पिठ्या ढेकूण शेवटी जुना टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासून काढला. पंधरा मिनिटं लागली.)

एक गोष्ट मात्र कोणी फारशी बोलत नाही आणि मला ती सर्वांत पटते. किडा मारायला नाही, विष मोडायला एन्झाइम वापरायचं. ज्या ऑर्गनोफॉस्फेटने हा सगळा गोंधळ केला त्यालाच तोडणारं एन्झाइम मातीतल्या बॅक्टेरियात सापडलंय. ऑस्ट्रेलियात सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यावरून लँडगार्ड नावाचं प्रॉडक्ट तयार करायला मदत केली, मेंढ्या बुडवायच्या हौदातलं औषधाचं पाणी किंवा शेतातून वाहून जाणारं पाणी यातलं विष ते मोडतं. इथे एन्झाइमच्या सगळ्या कमजोऱ्या झाकल्या जातात, ऊन नाही, कोरडेपणा नाही, पाण्याचा हौद आहे, काम झालं की स्वतः सडून जातं. केमिकल उद्या सकाळी बंद होणार नाहीये, तोवर पंप धुतलेलं पाणी तरी ओढ्यात जाण्याआधी निवळून जाऊ दे. यात हिरवा थेंब छापण्यासारखं काही नाही म्हणून हे मागे पडत असावं.

"पण पीक गेलं तर?" हा प्रश्न लोक विचारतात तेव्हा मी गप्प होते, कारण तो बरोबर आहे. ज्याच्या शेतात अळी आहे त्याला तुम्ही आठ दिवस थांब म्हणताय. केमिकल मारलं तर फायदा त्याचा आणि पाण्यातलं विष, मजुराचं डोकं दुखणं, मधमाश्या कमी होणं हे सगळ्यांत वाटलं जातं. एन्झाइमवर थांबलं तर फायदा सगळ्यांत वाटला जातो आणि आठव्या दिवशी पीक गेलं तर नुकसान त्याचं एकट्याचं. असा हिशोब असताना त्याला जागरूकतेची भाषणं देणं मला निर्लज्जपणाचं वाटतं. पर्यावरणाचा फायदा सगळ्यांना हवा असेल तर त्या आठ दिवसांची जोखीमही सगळ्यांनी उचलायला हवी, विमा द्या, पहिल्या दोन-तीन हंगामांत नुकसान भरून द्या, बुरशीचं कल्चर थंड ठेवायची सोय आणि तपासायची लॅब सरकारी पैशाने उभी करा. सबसिडी बाटलीवर दिली तर बाटल्या वाढतील, बाकी काही बदलणार नाही.

आणि लेबल. औषधाच्या गोळीवर मिलिग्रॅम असतात, एन्झाइमचं माप युनिटमध्ये असतं, दिलेल्या पीएचला आणि तापमानाला मिनिटाला किती काम करतं ते. धुण्याच्या पावडरवाल्यांना, चीजवाल्यांना हे माप लागतं, ते त्याच्याशिवाय मालच घेत नाहीत. मग शेतकऱ्यालाच पानाचं चित्र का? एन्झाइमचं नाव, युनिट, जीव असेल तर कुठला स्ट्रेन आणि ग्रॅमला किती जिवंत, किती डिग्रीला ठेवायचं, कधीपर्यंत. पाच ओळी. यातली एक जरी देता येत नसेल तर त्याला खत म्हणा, क्लीनर म्हणा, कीटकनाशक म्हणून विकू देऊ नका. छोटे विक्रेते यात मरतील असं म्हणतात, काही मरतीलही, पण तपासणी स्वस्त करून देणं हा त्यावर उपाय आहे, तपासणीच नको हा नाही.

तो माणूस मागच्या महिन्यात परत आला होता. नवीन बाटली, नवीन लेबल, पान जरा मोठं केलेलं. मी आधी मागची बाजू पाहिली. एन्झाइमचं नाव अजून नव्हतं, युनिट नव्हती, पण एक्सपायरी डेट आली होती. मी म्हटलं ही कशी आली? तर म्हणाला, "तुम्हीच विचारलं होतं ना ताई, अजून दोघा-तिघांनी विचारलं."